क्लोराइड काढायला पीएफसिक्स घ्यावं की बार्फ? (पावसाळी प्रश्न)

निळीबाटली | १४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इरिडियमच्या कॉम्प्लेक्सवरचा (धातू आणि त्याला धरून बसलेले रेणू, म्हणजे लिगँड) क्लोराइड काढून धनभारित कॉम्प्लेक्स हवं आहे. पद्धत नेहमीची. डायक्लोरोमिथेनमध्ये सिल्व्हर हेक्झाफ्लोरोफॉस्फेट (पीएफसिक्स या ॲनायनचं, म्हणजे ऋणभारित आयनचं, चांदीचं मीठ) १.०५ इक्विव्हॅलंट, फ्लास्कला फॉइल, अर्धा तास ढवळणं, मग सेलाइटवरून गाळणं. उन्हाळ्यात फॉस्फरस एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल दाखवणारी तपासणी) स्वच्छ येतो: उणे १४४ पीपीएमला पीएफसिक्सचा सेप्टेट (सात शिखरांचा सिग्नल) आणि लिगँडचा एक सिग्नल. पाऊस सुरू झाला की उणे १५ च्या आसपास एक जादा ट्रिप्लेट दिसतो, कपलिंग (शिखरांमधलं अंतर) जवळजवळ ९६० हर्ट्झ. फ्लोरिनमध्येही उणे ७३ च्या डब्लेटशेजारी उणे ८२ च्या जवळ दुसरा डब्लेट, कपलिंग तेच.

माझं मत असं की पीएफसिक्स सोडून सोडियम बार्फवर जावं. बार्फ म्हणजे बोरॉनवर चार ३,५-बिस(ट्रायफ्लोरोमिथाइल)फेनिल रिंगा असलेला ॲनायन. पण नुसता ॲनायन बदलून हा त्रास थांबेल का? आणि बार्फ किती कोरडं लागतं?

खवय्या_मुळशीचा | ९.५२

शीर्षकात 'बर्फी' वाचून पाककृती विभागातून धावत आलो. आता आलोच आहे तर वाचतो.

कोरडेआर्गॉन | १०.१५

तुमचा ट्रिप्लेट म्हणजे डायफ्लोरोफॉस्फेट. फॉस्फरसला दोन फ्लोरिन, म्हणून ट्रिप्लेट. पीएफसिक्सला सहा, म्हणून सेप्टेट. पीएफसिक्सचं कपलिंग ७१० हर्ट्झच्या आसपास असतं, डायफ्लोरोफॉस्फेटचं ९६०. त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. पाणी आणि थोडी आम्लता मिळाली की पीएफसिक्स तुटतं: आधी पीओएफथ्री, मग डायफ्लोरोफॉस्फेट, शेवटी फॉस्फेट, आणि प्रत्येक पायरीला एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) बाहेर पडतं. त्या एचएफनं आम्लता वाढते, की पुढचं तुटणं आणखी जलद. म्हणून 'थोडंसंच पाणी आहे' या हिशोबावर विसंबू नका.

बाटली उजेडात धरून बघा. पीएफसिक्सचं दमट मीठ काचेच्या व्हायलमध्ये काही आठवडे राहिलं की तळाची काच दुधी होते, घासलेल्या जॉइंटसारखी. पुसून जात नाही. तो एचएफनं खाल्लेला भाग. अशी व्हायल दिसली तर आतलं मीठ कामाचं नाही.

सुरक्षाताई | १०.३१

दुधी काचेच्या मुद्द्याला जोडून. असं जुनं मीठ उघडताना नायट्राइलचे दोन थर हातमोजे, हूड, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं २.५ टक्के जेल हाताशी, कपाटात कुलपात नव्हे. एचएफ सौम्य असेल तर कातडीवर लगेच दुखत नाही, तासांनी दुखतं. शंका आली तरी आधी पाण्याखाली हात, मग जेल चोळत राहायचं आणि सरळ दवाखाना. पीएफसिक्स किंवा एसबीएफसिक्सचा (फॉस्फरसऐवजी अँटिमनी असलेला तसाच ॲनायन) कचरा आम्लाच्या काचेच्या कॅनमध्ये ओतू नका. प्लॅस्टिकचा वेगळा कॅन ठेवा.

पाषाणकर | १०.४८

+१ ताई.

मूळ प्रश्नाकडे. 'नॉन-कोऑर्डिनेटिंग' (धातूला न चिकटणारा) ॲनायन हा शब्दच फसवा आहे. १९७३ मध्येच रोझेनथाल यांनी असा ॲनायन ही दंतकथा आहे असं लिहून ठेवलं होतं. खरा प्रश्न तुमच्या धातूला त्या क्षणी आणखी काय मिळतंय हा. कोण धातूला किती चिकटतं याची ढोबळ उतरंड अशी: ट्रायफ्लेट बऱ्यापैकी चिकटतं, मग बीएफफोर (टेट्राफ्लोरोबोरेट), पीएफसिक्स, एसबीएफसिक्स आणि त्याखाली बार्फ किंवा बी(सीसिक्सएफफाइव्ह)फोर. पहिल्या तिघाचौघांवर फ्लोरिन किंवा ऑक्सिजन थेट बाहेर असतो. बार्फमध्ये ऋणभार बोरॉनभोवती आत आणि बाहेर चोवीस फ्लोरिनचं कवच. कमळाच्या पानावर थेंब राहतो तसा कॅटायन (धनभारित आयन) त्याच्यावर नुसता टेकतो.

तरी बार्फही पूर्ण अलिप्त नाही. ऱ्होडियमला दुसरं काहीच मिळालं नाही तर ते बार्फच्या एका रिंगला सहा कार्बननी धरून बसल्याची उदाहरणं आहेत. कडक प्रोटॉन आम्लानं बोरॉन-कार्बन बंधही तुटतो. तेव्हा बिस(ट्रायफ्लोरोमिथाइल)बेंझीन सुटतं आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये ७.९ ते ८.१ च्या पट्ट्यात नवे सिग्नल येतात. ते दिसले की बार्फ मोडतंय.

निळीबाटली | १०.५९

म्हणजे बार्फ घ्यायचं ठरलं तरी वाळवणं आलंच. सोडियम बार्फच्या डब्यावर 'हायड्रेट' लिहिलंय, पाण्याचा आकडा नाही.

कोरडेआर्गॉन | ११.२०

हाच खरा सापळा. हिशोब करू. सोडियम बार्फचं रेणुभार ८८६.२. दोन पाणी धरली तर ९२२.२. वजनात फरक ४ टक्क्यांचा, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण ०.०५ मिलिमोल कॉम्प्लेक्सला तुम्ही ०.०५ मिलिमोल बार्फ घेता, त्याबरोबर ०.१ मिलिमोल पाणी येतं. धातूच्या दुप्पट! वजनकाट्यावर नगण्य आणि धातूच्या दृष्टीनं पूर. क्लोराइड गेल्यावर जागा रिकामी राहणार असेल तर तिथे पहिलं पाणीच बसतं.

वाळवायची रीत: आधी खलबत्त्यात बारीक करा. ढेकूळ राहिली तर आतलं पाणी निघत नाही. रुंद तोंडाच्या श्लेंक फ्लास्कमध्ये (हवा लागू न देता काम करायचा फ्लास्क) पातळ थर, वरच्या बाजूला काचेच्या लोकरीचा बोळा (भुकटी हलकी असते, व्हॅक्यूम एकदम दिलात तर थेट पंपाच्या ट्रॅपमध्ये जाते). पाणी शोषायला फॉस्फरस पेंटॉक्साइड वेगळ्या बल्बमध्ये, भुकटीला न लागता. व्हॅक्यूम हळूहळू उघडा, ०.०५ मिलिबारच्या खाली आणा, मग तेलाचा बाथ तासाभरात १०० ते ११० अंशांवर. २४ तास किमान, डब्यातलं जुनं असेल तर ४८. पेंटॉक्साइडवर चिकट साय धरली की ते बदलून पुन्हा. नंतर थेट ग्लव्हबॉक्समध्ये (कोरड्या, हवाविरहित पेटीत).

भाऊ_श्लेंक | ११.३३

तपासायची सोपी युक्ती: कोरड्या डीथ्री-ॲसिटोनायट्राइलमध्ये (एनएमआरचं ड्युटेरियमवालं सॉल्व्हंट) २० मिलिग्रॅम. पाणी २.१३ ला येतं, बार्फचे ८ ऑर्थो आणि ४ पॅरा प्रोटॉन ७.६ ते ७.८ च्या पट्ट्यात. तो सगळा पट्टा १२ धरा आणि पाण्याचं इंटिग्रल (सिग्नलखालचं क्षेत्रफळ) बघा. २ आलं तर बार्फमागे एक पाणी. त्याच बाटलीतल्या नुसत्या सॉल्व्हंटचा नमुनाही घ्या आणि त्याचं पाणी वजा करा, नाहीतर सॉल्व्हंटचा दोष बार्फच्या माथी मारला जातो. रिलॅक्सेशन डिले (दोन मोजण्यांमधला थांबा) १० सेकंद ठेवा, १ सेकंदावर इंटिग्रल खोटं येतं.

डायक्लोरोमिथेनमध्ये ही तपासणी करू नका. वाळलेलं सोडियम बार्फ त्यात नीट विरघळतच नाही.

व्होल्टमीटर | १५ जुलै, सकाळी ८.०५

अवांतर, पण याच कुळातलं. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज मागेपुढे फिरवून प्रवाह मोजायची पद्धत) टेट्राब्युटिलअमोनियम पीएफसिक्स ०.१ मोलर हा रिवाज: १० मिलीला ३८७ मिलिग्रॅम. इथेनॉलमधून तीनदा स्फटिकीकरण, ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर, आणि आधी नुसत्या इलेक्ट्रोलाइटचा स्कॅन. तो सपाट नसेल तर पुढे जाऊ नका. दोन धातूकेंद्रं असलेल्या रेणूत ऑक्सिडेशनच्या दोन लाटा चिकटून येत असतील तर बी(सीसिक्सएफफाइव्ह)फोरचं मीठ वापरा (१० मिलीला ९२१ मिलिग्रॅम). ॲनायन धनभाराला कमी झाकतो, दोन धनभार एकमेकांना जास्त जाणवतात, आणि लाटा दूर सरकतात. गायगर यांच्या गटाचं यावर भरपूर काम आहे. महाग आहे, पण डायक्लोरोमिथेनमध्ये डायकॅटायन (दोन धनभारांचा आयन) इलेक्ट्रोडवर साचून बसत असेल तर याला पर्याय नाही.

बॅटरीवाला_हडपसर | ८.२२

आमच्याकडे लिथियम पीएफसिक्स. एकच विनंती: ते वाळवायला कुणी ओव्हनमध्ये तापवू नका. लिथियम फ्लोराइड आणि पीएफफाइव्ह वायू असं विघटन होतं. पाणी काढायचं तर सॉल्व्हंटमधून आणि इलेक्ट्रोडमधून काढा (इलेक्ट्रोड व्हॅक्यूममध्ये ११० ते १२० अंश, रात्रभर), मीठ कोरडंच विकत घ्या आणि ग्लव्हबॉक्समध्येच उघडा. इलेक्ट्रोलाइटमध्ये २० पीपीएमच्या वर पाणी गेलं की वर कोरडेआर्गॉन यांनी सांगितलेली साखळी सुरू.

आयनभट | ९.१०

चांदीबद्दल कुणी बोललं नाही. चांदी क्लोराइड ओढते तशी ऑक्सिडायझरही आहे, आणि किती जोरदार ते सॉल्व्हंटवर ठरतं. फेरोसीनच्या तुलनेत ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.०४ व्होल्ट, ॲसिटोनमध्ये ०.१८, टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान) ०.४१, डायक्लोरोमिथेनमध्ये ०.६५. म्हणजे निळीबाटलींच्या सॉल्व्हंटमध्ये ती सगळ्यात आक्रमक. गाळणीवर पांढऱ्याऐवजी करडा-काळा थर दिसला, किंवा फ्लास्कच्या भिंतीला आरसा धरला, तर क्लोराइड नाही, इलेक्ट्रॉन गेला. (उजेडानंही सिल्व्हर क्लोराइड जांभळट पडतं, म्हणून रंग फॉइल काढल्या काढल्या बघा.)

सिल्व्हर क्लोराइड फार बारीक पडलं तर सेलाइटमधून निसटतं. दोन तास फ्रीजमध्ये ठेवून ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून काढा. उरलेली चांदी पुढच्या प्रक्रियेत स्वतःच उत्प्रेरक होते. सोन्याच्या कॉम्प्लेक्समध्ये याच गोष्टीनं बरेच निष्कर्ष बिघडले आहेत.

सोडियम बार्फमध्ये ही भानगड नाही. पण तिथे दुसरी: मीठ स्वतः अर्धवट विरघळलेलं पांढरं आणि पडणारं सोडियम क्लोराइडही पांढरं. ढगाळपणावरून प्रक्रिया संपली असं समजू नका, एनएमआर घ्या.

स्फटिकवेडी | ९.४५

क्रिस्टल हवे असतील तर माझं मत बार्फच्या विरुद्ध. ट्रायफ्लोरोमिथाइल गट खोलीच्या तापमानाला भिंगरीसारखे फिरतात, डेटा १०० केल्व्हिनला घेतला तरी तीन-चार गट दोन-दोन जागी वाटून मॉडेल करावे लागतात. आठ गट, चोवीस फ्लोरिन. शिवाय बार्फची मिठं तेलासारखी पडतात. पेंटेनचा थर डायक्लोरोमिथेनवर सावकाश चढवा, उणे ३० ला ठेवा. तरीही तेलच आलं तर रचनेसाठी एसबीएफसिक्स किंवा बी(सीसिक्सएफफाइव्ह)फोर करून पाहा.

एक सोय मात्र आहे. नेगेटिव्ह इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (आयनांचं वस्तुमान मोजायची पद्धत) ॲनायन वस्तुमानावरून ओळखणं सोपं: बीएफफोर ८७, पीएफसिक्स १४५, ट्रायफ्लेट १४९, एसबीएफसिक्स २३५ आणि २३७, बी(सीसिक्सएफफाइव्ह)फोर ६७९, बार्फ ८६३. अदलाबदल अर्धवट झाली असेल तर इथे लगेच उघडं पडतं. मात्र नंतर उपकरण नीट धुवा. ८६३ दुसऱ्यांच्या नमुन्यांत दिसत राहतो आणि लोक वैतागतात, ते बरोबरच आहे.

मीनल_कोथरूड | १०.०२

बीएफफोरचा फ्लोरिन सिग्नल शुद्ध मिठातही दोन का दिसतो? अशुद्धी आहे का?

भाऊ_श्लेंक | १०.११

नाही. बोरॉन-१० आणि बोरॉन-११. उणे १५० च्या आसपास दोन शिखरं, अंतर जेमतेम ०.०५ पीपीएम, उंची साधारण १ ला ४. निसर्गातल्या बोरॉनचं प्रमाण तेच आहे. हे दोन सुटे दिसले तर शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) चांगलं झालं समजा.

मीनल_कोथरूड | १०.१४

किती सुंदर! धन्यवाद.

गरीब_पीएचडी | ११.३०

बार्फ विकत घेणं परवडत नाही. घरी, म्हणजे लॅबमध्ये, बनवता येतं ना? ब्रोमाइड आणि मॅग्नेशियमचे तुकडे आहेत.

सुरक्षाताई | ११.३४

थांबा! मॅग्नेशियमच्या तुकड्यांनी करू नका. ट्रायफ्लोरोमिथाइल असलेल्या ॲरिल ग्रिन्यारचे (ब्रोमाइड आणि मॅग्नेशियमपासून बनणारं अभिकर्मक) स्फोट झालेले आहेत, लिथियमच्या जोडीदारांचेही. धातू, उष्णता आणि कार्बन-फ्लोरिन बंध एकत्र आले की मॅग्नेशियम फ्लोराइड बनताना प्रचंड उष्णता सुटते. सुरुवात होत नाही म्हणून आणखी तापवणं ही नेहमीची चूक, आणि तीच भोवते.

पाषाणकर | ११.५८

ताई म्हणतात ते अक्षरशः पाळा. सुरक्षित मार्ग आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइडच्या अदलाबदलीचा, त्यात धातू नसतोच. बर्गमन गटानं २००५ मध्ये ही पद्धत शुद्धीकरणासकट नीट मांडली आहे. प्रमाणाचा अंदाज: सोडियम टेट्राफ्लोरोबोरेट २.२० ग्रॅम (२० मिलिमोल, आधी वाळवलेलं), १-ब्रोमो-३,५-बिस(ट्रायफ्लोरोमिथाइल)बेंझीन ३२.२ ग्रॅम (११० मिलिमोल), २ मोलर आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइड टीएचएफमध्ये ५५ मिली. ब्रोमाइड कोरड्या टीएचएफमध्ये, आर्गॉनखाली, तापमापी द्रवात बुडवलेला. उणे २० च्या खाली ठेवून ग्रिन्यार थेंबाथेंबानं, मग शून्य अंशापर्यंत येऊ द्या, तासभर. शून्याच्या वर जाऊ देऊ नका. मग बोरेट घाला, खोलीच्या तापमानाला ४८ तास. घाई केली तर तीनच रिंगा बसतात.

नंतर सोडियम कार्बोनेटच्या भरपूर पाण्यात हळूहळू ओता. मॅग्नेशियम कार्बोनेट म्हणून बसतं आणि बार्फला सोडियमच मिळत राहतो. इथे कार्बोनेट कमी पडलं तर मीठ मिश्र येतं. इथरनं तीनदा काढा, सोडियम सल्फेटवर वाळवा, इथर उडवा. तपकिरी चिकट गोळा मिळतो. तो थंड डायक्लोरोमिथेननं धुवत राहा: रंग निघून जातो, पांढरी भुकटी मागे राहते. बोरॉन एनएमआर उणे ६.६ ला एकच बारीक सिग्नल हवा, फ्लोरिन उणे ६२.८ च्या जवळ एकच.

पुण्यात इथर समुद्रसपाटीपेक्षा दोनेक अंश आधीच उकळतो, शहर साडेपाचशे मीटरवर आहे. रोटाव्हेपरचा बाथ जरा खाली ठेवा, फेस वर येत नाही.

गरीब_पीएचडी | १२.०६

तुकड्यांचा बेत रद्द. आधी गाईडना हा धागा दाखवतो. ताई, पाषाणकर सर, मनापासून आभार.

हिरवळ | दुपारी १.१५

हे सगळं 'कायमची रसायनं' (पीएफएएस, निसर्गात सहज न मोडणारी फ्लोरिनची रसायनं) या यादीत येत नाही का?

आयनभट | १.४०

ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येत एक पूर्ण फ्लोरिनयुक्त मिथाइल गट पुरतो, त्यामुळे बार्फ त्यात बसतं. ट्रायफ्लेटही. म्हणून माझा आग्रह: गरज नसताना बार्फ वापरू नका, आणि धुण्याचं पाणी सिंकमध्ये नको. कॉम्प्लेक्स ॲसिटोनमध्ये विरघळवून पाण्यातल्या अमोनियम पीएफसिक्सनं खाली पाडता येत असेल (रुथेनियम बायपिरिडिनसारखं नारिंगी थरात), तर तिथे पीएफसिक्स उत्तम, बार्फ नुसती उधळपट्टी.

पाषाणकर | २.०५

एक राहिलंच. निळीबाटली, कॉम्प्लेक्स नेमकं कोणतं? आम्ही सगळे वाळवायला बसलोय, पण क्लोराइड गेल्यावर तुमच्या धातूवर जागा रिकामी राहते का?

निळीबाटली | ४.३०

इरिडियमचा सायक्लोऑक्टाडाइन क्लोराइड डायमर, वर फॉस्फिनो-ऑक्झाझोलीन लिगँड. अल्कीनच्या हायड्रोजनेशनसाठी.

पाषाणकर | ४.५२

मग चित्र पालटलं! डाइनचे दोन बंध, फॉस्फरस, नायट्रोजन: इरिडियमच्या चारही जागांचा चौकोन भरला. क्लोराइड गेल्यावर इथे रिकामी खुर्चीच नाही, पाणी बसणार कुठे? या कॉम्प्लेक्सला कोरडं बार्फ लागत नाही. उलट पाणी मुद्दाम घालायचं, ते सोडियम क्लोराइड ओढून नेतं. फाल्ट्झ गटाची रीत हीच.

डायमर ६७.२ मिलिग्रॅम (०.१० मिलिमोल), लिगँड ०.२० मिलिमोल, डायक्लोरोमिथेन ५ मिली, आर्गॉनखाली तासभर रिफ्लक्स. फॉस्फरसमध्ये मोकळा लिगँड संपला की थंड करा. डब्यातलंच सोडियम बार्फ २६६ मिलिग्रॅम (०.३० मिलिमोल) घाला, पाच मिनिटांनी ५ मिली पाणी, पंधरा मिनिटं जोरात ढवळा. थर वेगळे करा, सॉल्व्हंट उडवा, सिलिकाच्या आखूड कॉलमवर डायक्लोरोमिथेननं नारिंगी पट्टा उतरवा. बार्फचे १२ प्रोटॉन डाइनच्या ४ विनाइल प्रोटॉनशी जुळले पाहिजेत. १२ च्या वर गेले तर जादा सोडियम बार्फ सोबत आलंय.

आणि ॲनायन बदलण्याचं खरं कारण पुढच्या पायरीत आहे. पीएफसिक्ससोबत हा उत्प्रेरक हायड्रोजनखाली तीन इरिडियमचा निष्क्रिय हायड्राइड होऊन अर्ध्यात मरतो. बार्फसोबत अल्कीन धातूला इतक्या लवकर गाठतं की तो मार्ग मागे पडतो, आणि पाण्याचा त्रासही बराच कमी होतो.

कोरडेआर्गॉन | ५.०१

सहमत. माझी वाळवण्याची रीत रिकाम्या जागेवाल्यांसाठी: पॅलेडियम-मिथाइल, झिर्कोनियम, तीन हातांचं रुथेनियम. तिथे सॉल्व्हंटचाही विचार करा. फारच भुकेला कॅटायन डायक्लोरोमिथेनमधून क्लोराइड परत ओढतो. तेव्हा १,२-डायफ्लोरोबेंझीन (उकळबिंदू ९२ अंश) किंवा फ्लोरोबेंझीन. टीएचएफ नको, ट्रायटिलसारखे कॅटायन त्याचं पॉलिमर करतात आणि फ्लास्कमध्ये जेली होते.

निळीबाटली | ६.२०

मी उगाच पेंटॉक्साइड मागवणार होतो. सिलिका कॉलमआधी ओव्हनमध्ये वाळवायची का? आणि मिळालेलं कॉम्प्लेक्स हवेत ठेवलं तर चालेल?

पाषाणकर | ६.४१

सिलिका आहे तशीच. घन कॉम्प्लेक्स हवेत टिकतं, झाकण घट्ट, डेसिकेटरमध्ये. द्रावण मात्र रात्रभर उघडं ठेवू नका. हायड्रोजनेशनच्या वेळचं डायक्लोरोमिथेन कोरडं आणि ऑक्सिजन काढलेलं हवं, कारण हायड्रोजन आला की डाइन निघून जातो आणि तेव्हा खरंच जागा रिकामी होते.

खवय्या_मुळशीचा | ७.०५

शेवटपर्यंत वाचला. अर्धं समजलं, पण बीएफफोरची दोन शिखरं मनात राहिली. पाककृती विभागात या, खरी बर्फी ठेवतो.